ठिपकेदार गोबी मासा व घरचें मत्स्यालय

काचेच्या टाकींत मासे पाळण्याची हौस अलीकडे शहरांत व गांवोगांवीं फार वाढली आहे. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं लहानमोठी टाकी असते, आणि 'सर, अमका मासा पाळावा काय?' असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. मासा देखणा आहे, स्वस्त आहे, दुकानांत सहज मिळतो, एवढ्यावरून तो घरीं ठेवण्याजोगा ठरत नाहीं. तो कोणत्या पाण्याचा रहिवासी आहे, काय खातो, कोणाबरोबर नांदतो, आणि त्याचें पाणी, त्याचें अन्न व त्याची सोबत आपण त्याला देऊं शकूं कीं नाहीं, याचा आधीं विचार करावा लागतो. हा विचार न केल्यामुळें आमच्या हातून एकदां चूक झाली. ती ज्या माशाच्या बाबतींत झाली, त्याचीच माहिती या लेखांत देण्याचें योजिलें आहे.

या माशास व्यापारांत 'नाइट गोबी' म्हणतात. येथें 'नाइट' म्हणजे रात्र नव्हे, तर जुन्या काळचा चिलखत घातलेला इंग्रज शिलेदार होय. आम्ही त्यास ठिपकेदार गोबी असें म्हणूं. गोबी ही एकच जात नसून तो माशांचा एक फार मोठा परिवार आहे. त्यांत दोन हजारांच्या जवळपास जाती मोजिल्या जातात. बहुतेक जाती आकारानें लहान असून समुद्राचे किनारे, खाड्या व नद्यांचीं मुखें येथें राहतात. या परिवाराच्या दोन खुणा ध्यानांत ठेवाव्या. पहिली खूण अशी कीं, बहुतेकांच्या पाठीवर एकामागें एक असे दोन निरनिराळे पर असतात. दुसरी खूण अधिक नवलाची आहे. इतर माशांच्या पोटाखालीं जे दोन सुटे पर असतात, ते बहुतेक गोबींमध्यें एकमेकांस जुळून त्यांची वाटी झालेली असते. ही वाटी दगडावर टेकून मासा तेथें चिकटून राहतो आणि भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर वाहून जात नाहीं. कोंकणांतील खाड्यांच्या चिखलांत उड्या मारणारी निवटी तुमच्यापैकीं कित्येकांनीं पाहिली असेल. ती याच परिवारांतली होय. नव्या वर्गीकरणाप्रमाणें तर निवटी व आपला ठिपकेदार गोबी हीं दोन्ही एकाच कुळांत मोडतात.

या माशाचें शास्त्रीय नांव 'स्टिग्मॅटोगोबियस सदानुंडिओ' असें आहे. यांतील दुसरा शब्द वाचतांच आपल्या कानास तो ओळखीचा वाटतो, आणि त्यास कारणही आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन या नांवाचा एक स्कॉटिश वैद्य ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत बंगाल्यांत होता. आयुष्याच्या पूर्वार्धांत त्याचें आडनांव बुकॅनन असें होतें. कंपनीच्या हुकुमावरून त्यानें म्हैसूर व बंगाल प्रांतांची पाहणी केली, आणि ती करीत असतांना गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांची नोंद ठेविली. हा त्याचा ग्रंथ इ. स. १८२२ मध्यें एडिंबरो येथें प्रसिद्ध झाला. त्यांत अडीचशेंहून अधिक जातींचें वर्णन आहे. माशांना नांवें देतांना त्यानें तेथील कोळ्यांच्या तोंडचे शब्द पुष्कळ ठिकाणीं घेतले. रोहू, कटला व मृगळ यांच्या शास्त्रीय नांवांत ते देशी शब्द आजही जसेच्या तसे दिसतात. आपल्या या माशाचें पहिलें वर्णनही त्याच ग्रंथांत आहे. पुढें १८७४ सालीं पीटर ब्लीकर या डच शास्त्रज्ञानें 'स्टिग्मॅटोगोबियस' हें स्वतंत्र घराणें स्थापिलें. 'स्टिग्मा' या ग्रीक शब्दाचा अर्थ ठिपका किंवा डाग असा आहे. तेव्हां पूर्ण नांवांत माशाचें रूप ग्रीक भाषेंत व माशाचा देश आपल्या भाषेंत सांगितला आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्याचें रूप खरोखरच मनोहर आहे. पूर्ण वाढलेला मासा नऊ सेंटिमीटरांच्या आंतबाहेर, म्हणजे बोटाएवढा लांब असतो. अंग फिकट निळसर-करडें, आणि त्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. पाठीवरच्या पहिल्या परावर एक ठळक काळा डाग असतो. नराचा हा पर लांब असून तो उभारला म्हणजे एखाद्या लहानशा निशाणासारखा दिसतो. मादी आकारानें कांहींशी लहान, तिचे पर आंखूड व रंगांत पिवळसर झांक असते. इतर पुष्कळ गोबी तळाशीं बसून राहतात. हा मात्र परांच्या हलक्या हालचालीनें मधल्या पाण्यांतही स्थिर तरंगत राहतो. त्यामुळें तो पाहणाऱ्याच्या दृष्टीस सहज पडतो आणि विकतही पटकन् घेतला जातो.

हा मासा भारत, श्रीलंका, बांगलादेश व म्यानमार या देशांच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यांत, विशेषतः नद्यांच्या मुखाशीं राहतो. नदीचें मुख ही जागा कशी असते, हें नीट समजून घेतलें पाहिजे. वरून गोडें पाणी येतें, खालून समुद्राचें खारें पाणी भरतीबरोबर आंत शिरतें, आणि दोहोंचें मिश्रण दिवसांत दोनदां बदलतें. पावसाळ्यांत तेथें गोड्या पाण्याचा जोर असतो, तर उन्हाळ्यांत खारटपणा वर सरकतो. अशा ठिकाणीं राहणाऱ्या माशास थोडा खारटपणा व क्षारांनीं युक्त असें कठीण पाणी मानवतें. ज्या पाण्यांत साबणास लवकर फेस येत नाहीं, तें कठीण पाणी, हें तुम्हीं रसायनशास्त्राच्या तासास शिकलांच आहां.

आतां आमच्या चुकीकडे वळूं. कांहीं वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांच्या वर्गणींतून आमच्या विज्ञानाच्या खोलींत एक टाकी आणिली. तींत निऑन टेट्रा जातीचे दहा चिमुकले मासे सोडिले. पुढें एकदां मोठ्या शहरीं गेलों असतां तेथील एका दुकानांत हे ठिपकेदार मासे आमच्या दृष्टीस पडले. 'गोड्या पाण्याचे आहेत, सर्वांशीं मिळून राहतात, कोरडें खाद्य खातात,' असें आम्हांस सांगण्यांत आलें. आम्हीं अधिक चौकशी न करितां तीन मासे घेतले व शाळेंत येतांच त्या टाकींत सोडून दिले. पहिले कांहीं दिवस वर्गांत त्यांचें मोठें कौतुक झालें. कोरडें खाद्य मात्र ते तोंडांत घेऊन पुन्हां बाहेर टाकीत. हळूहळू संवय होईल, अशी आम्हीं आपली समजूत करून घेतली.

आठवड्यानें टेट्रा मोजिले, तों ते सातच भरले. पुढील आठवड्यांत चारच उरले. टाकीची देखरेख त्या महिन्यांत वसतिगृहांतील एका मुलाकडे होती. तो कोंकणांतील एका खाडीकांठच्या गांवचा. वर्गांत फारसा न बोलणारा. झांकण उघडें राहून मांजरानें मासे नेले असावेत, असें ठरवून आम्हीं त्यास सर्वांदेखत बोल लाविला. त्यानें कांहींच उत्तर दिलें नाहीं. त्यानंतर तीन दिवसांनीं एक ठिपकेदार मासा तळाशीं मरून पडलेला आढळला. उरलेले दोघे फिकट पडून कोपऱ्यांत बसले होते. मेलेला मासा हातावर घेऊन तो मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, हा खाडीचा मासा आहे. आमच्याकडे निवटी असते, तिच्या पोटाला अशीच वाटी असते. याला हें पाणी चालायचें नाहीं. आणि ते बारके मासे यांनींच खाल्ले असतील." आम्हीं विचारलें, "मग हें आधींच कां सांगितलें नाहींस?" तो खालीं पाहून म्हणाला, "आपण विचारलें नाहीं, सर."

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. आम्हीं दुकानांत विचारलें नाहीं, पुस्तकांत पाहिलें नाहीं, आणि जो जाणत होता त्यालाही विचारलें नाहीं. उलट त्यालाच दोष दिला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गापुढें त्याची क्षमा मागितली. मग निराळी टाकी तयार करून उरलेले दोन मासे तींत ठेविले व पाण्याचा खारटपणा थोडथोडा वाढवीत गेलों. डांसांच्या अळ्या खाऊं लागल्यावर दोन-तीन आठवड्यांत त्यांचा रंग परत आला. पुढें दोन वर्षांहून अधिक काळ ते आमच्याकडे राहिले. खालील माहिती त्या अनुभवांतून व त्यानंतर केलेल्या वाचनांतून दिली आहे.

प्रथम टाकी. दोन किंवा तीन माशांस ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटर उंच एवढी टाकी असावी. या तीन आंकड्यांचा गुणाकार केल्यास ८१,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ८१ लिटर पाणी होतें. एवढ्या पाण्याचेंच वजन ८१ किलो भरतें. तेव्हां टाकी डळमळीत मेजावर ठेवूं नये. प्रत्येक नर आपली हद्द राखून असतो व दुसऱ्यास हुसकून लावितो. यास्तव तळाशीं दगडांच्या कपारी, फुटक्या मडक्याचे मोठे तुकडे किंवा आडवीं ठेविलेलीं लहान मडकीं अशीं लपण्याचीं ठिकाणें माशांच्या संख्येहून अधिक ठेवावीं. टाकीवर झांकण अवश्य असावें.

दुसरें पाणी. नवी टाकी भरून त्याच दिवशीं तींत मासे सोडणें हें सर्वांत मोठें अज्ञान होय. माशांच्या विष्ठेपासून व कुजलेल्या अन्नापासून अमोनिया उत्पन्न होतो. तो माशांस विषासारखा बाधतो. एका प्रकारचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात व दुसऱ्या प्रकारचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करितात. नायट्रेट त्या मानानें पुष्कळ कमी अपायकारक असून पाणी बदलल्यानें तें निघून जातें. हे उपयोगी जंतु गाळणींत व रेतींत वसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर धीर धरावा. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन नाहींसें केल्यावांचून तें पाणी वापरूं नये. उष्णता २२ ते २८ अंश सेल्सिअस असावी. आपल्याकडे वर्षांतील बहुतेक दिवस ती आपोआप राहते, परंतु थंडीच्या रात्रीं पाणी तापविण्याची कांडी लागते.

मिठाविषयीं जरा विस्तारानें सांगितलें पाहिजे. क्षारयुक्त कठीण पाण्यांत हा मासा मिठावांचूनही राहूं शकतो. मृदु व आम्लधर्मी पाण्यांत मात्र तो झुरतो. थोडें खारें पाणी त्यास उत्तम. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. या माशास लिटरास ३ ते ७ ग्रॅम पुरेत, म्हणजे समुद्राच्या खारटपणाचा फार तर पांचवा हिस्सा. लिटरास ५ ग्रॅम धरिल्यास ८१ लिटरांस ४०५ ग्रॅम क्षार लागतील. तथापि यासाठीं स्वयंपाकघरांतील मीठ घेऊं नये. तें बहुतांशीं एकट्या सोडियम क्लोराइडचें असतें, आणि समुद्राच्या पाण्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादि इतर क्षारही असतात. मत्स्यालयासाठीं विकलें जाणारें समुद्री क्षारांचें मिश्रण घ्यावें, तें निराळ्या भांड्यांत विरघळवून मगच टाकींत ओतावें, आणि ठरलेलें प्रमाण एका दिवसांत न गांठतां आठदहा दिवसांत गांठावें. एकदम बदल केल्यास मासा तर त्रासतोच, पण ते उपयोगी जंतुही मरतात.

येथें एक गोष्ट हुशार विद्यार्थ्यांकडूनही चुकते. टाकींतील पाण्याची वाफ होऊन पातळी उतरते, तेव्हां उणें झालेलें पाणी गोडें भरावयाचें कीं खारें? वाफ केवळ पाण्याची होते. क्षार टाकींतच राहतात. म्हणून वाफेनें उणें झालेलें पाणी गोड्यानेंच भरावें. उलटपक्षीं आठवड्यास एकदां पाव हिस्सा पाणी आपण स्वतः काढून टाकितों, त्याबरोबर क्षारही जातात. तें मात्र त्याच प्रमाणांत खाऱ्या केलेल्या पाण्यानें भरावें. हा भेद न समजल्यास सहा महिन्यांत टाकींतील पाणी आपल्या नकळत समुद्रासारखें होऊं लागेल, किंवा अगदीं गोडें होऊन जाईल.

तिसरें अन्न. हा मांसाहारी प्राणी आहे. निसर्गांत तो बारीक किडे, अळ्या व कोलंबीच्या जातीचे लहान जीव टिपून खातो. पाळलेल्या माशास डांसांच्या अळ्या, गांडुळाचे बारीक तुकडे, स्वच्छ धुतलेला ताजा जवळा, किंवा बर्फांत गोठवून विकल्या जाणाऱ्या अळ्या द्याव्या. कोरड्या खाद्यास कांहीं मासे हळूहळू सरावतात, कांहीं मुळींच सरावत नाहींत. म्हणून केवळ त्यावर विसंबूं नये. डांसांच्या अळ्यांसाठीं घरीं उघड्यावर पाणी सांठवून ठेवणें मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांस हिंवताप व डेंगू यांचें आमंत्रण देण्यासारखें आहे. अळ्या झांकलेल्या भांड्यांत ठेवाव्या, रोजच्या रोज संपवाव्या, आणि एकही अळी डांस होऊन उडणार नाहीं अशी खबरदारी घ्यावी. जो हें करूं शकत नसेल त्यानें गोठविलेलें खाद्यच आणावें.

चौथी सोबत. या माशाच्या तोंडांत जो मावेल तो त्याचें अन्न होय. आमचे टेट्रा त्यानें दुष्टपणानें खाल्ले नाहींत. त्यास आम्हींच त्याचें भोजन वाढून ठेविलें होतें. शिवाय निऑन टेट्रा हा दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यांतला, मृदु व किंचित् आम्ल पाण्याचा मासा. गंगेच्या मुखींचा मासा व ॲमेझॉनच्या अरण्यांतला मासा यांस एकाच टाकींत ठेविलें म्हणजे पाणी कसेंही असो, दोहोंपैकीं एकाची उपासमार किंवा घुसमट ठरलेलीच. या गोबीस सोबती द्यावयाचेच असल्यास आकारानें त्याच्याएवढे व थोडें खारें पाणी सोसणारे असे, उदाहरणार्थ मोठे मोली मासे, निवडावे. पण सर्वांत चांगलें म्हणजे त्यास आपल्याच जातीच्या जोडीदारासह स्वतंत्र टाकी द्यावी.

अशी स्वतंत्र टाकी दिली असतां त्याचें गृहजीवन पाहण्याचा लाभ होतो. नर एखादी कपार आपली म्हणून राखितो. मादी त्या कपारीच्या छतास आंतून शेंकडों बारीक अंडीं चिकटविते, आणि पुढें नर त्यांची राखण करितो. आमच्याकडील जोडीनें एकदां मडक्याच्या छतास अंडीं घातलीं होतीं. त्या दिवसांत नर पर उभारून दाराशीं असा पहारा करी कीं, आमचें बोट कांचेजवळ गेलें तरी तो पुढें धांवून येई. पिलें मात्र आम्हांस वाढवितां आलीं नाहींत. तीं इतकीं सूक्ष्म असतात कीं त्यांना डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवांचें अन्न लागतें, आणि तें आम्हीं आधीं तयार करून ठेविलें नव्हतें.

मग हा मासा घरीं पाळण्यास योग्य आहे काय? आमचें उत्तर असें आहे. आकार लहान, प्रकृति काटक, रूप सुंदर व वागणूक मनोरंजक, या चार गोष्टी त्याच्या बाजूच्या आहेत. निराळें पाणी, ताजें अन्न, लहान माशांची शिकार व आपसांतील तंटे, या चार गोष्टी विरुद्ध बाजूच्या आहेत. ज्याच्या घरीं रंगीबेरंगी माशांची मिश्र टाकी आहे व तींत आणखी एक नमुना हवा आहे, त्यानें तो मुळींच घेऊं नये. सुटींत आठ-पंधरा दिवस घर बंद करून जाणाऱ्यानें, किंवा चिमूटभर कोरडें खाद्य टाकून मोकळें होऊं पाहणाऱ्यानेंही त्याच्या वाटेस जाऊं नये. परंतु एकच टाकी, एकच जात व रोजची थोडी मेहनत एवढें ज्यास मान्य असेल, त्या विद्यार्थ्यास याच्यासारखा शिकविणारा मासा क्वचित् मिळेल. भरती-ओहोटी, पाण्याचे क्षार, जंतूंचें कार्य व प्राण्यांची अपत्यसेवा, हे सर्व धडे एका टाकींत त्याला डोळ्यांनीं पाहावयास सांपडतील.

आणखी एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. कंटाळा आला म्हणून पाळलेला मासा विहिरींत, तळ्यांत किंवा नदींत कधींही सोडूं नये. दक्षिण अमेरिकेंतून हौसेखातर आणिलेले तोंडानें चिकटणारे चिलखती मासे अशाच रीतीनें बाहेर पडून भारतांतील कित्येक जलाशयांत पसरले आहेत, आणि कोळ्यांचीं जाळीं फाडून देशी माशांच्या अन्नांत वांटेकरी झाले आहेत. मासा नकोसा झाल्यास तो दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्यास द्यावा.

तो खाडीकांठचा मुलगा आतां मोठा होऊन आपल्या उद्योगास लागला आहे. त्याची आठवण म्हणून आमच्या टाकीवर आम्हीं एक पाटी लाविली आहे, व तिच्यावर चारच शब्द आहेत : 'हा मासा कोठला आहे?' नवा मासा आणण्यापूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यानें या प्रश्नाचें उत्तर वहींत लिहून दाखवावें, असा आमच्या खोलीचा नियम आहे. आणि तो नियम शिक्षकांसही लागू आहे.